सोंगट्यांवरचे हात

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे तिसरे एक नाव आहे. ते आता बहुधा पंचांगाच्या कोपऱ्यातच उरले आहे. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी सकाळी द्यूत खेळावे, जो जिंकेल त्याला वर्ष सुखाचे जाते, असे जुन्या धर्मग्रंथांनी सांगून ठेवले आहे. शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले आणि पार्वतीने शंकराला हरविले, ही कथाही याच दिवसाला जोडतात. ऋग्वेदातला जुगारी बेहड्याच्या फाशांपायी संसाराची धूळधाण झाली म्हणून हळहळतो. धर्मराजाने तर पटावर द्रौपदीच लावली. अशा या देशाने वर्षातला एक दिवस द्यूतासाठी राखून ठेवावा, यात मौज नाही असे कोण म्हणेल?

आमच्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून त्याला रायगड म्हणतात) माझ्या लहानपणी पाडव्याच्या सकाळी घरोघर पट मांडले जात. पैसे कोणी लावीत नसे. फार तर हरणाऱ्याने संध्याकाळी विहिरीचे पाणी ओढावे, एवढाच पण असे. पुढे खेळ मागे पडला. भाषेतून मात्र तो गेला नाही. आपले दान पडते, डाव उलटतो, कोणाचे पौ बारा होतात. पौ म्हणजे एक आणि बारा म्हणजे दोन सहा. तीन फाशांवर एवढे पडले की खेळणाऱ्याच्या तोंडावर हसू फुटे, हे ठाऊक नसणारी माणसेही हा शब्द बिनचूक वापरतात. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द तर बाजारातही चालतात आणि माजघरातही.

शब्द असे टिकले. वस्तूंचे काय? त्या माळ्यावरच्या ट्रंकांत आणि फडताळांत पडून असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा खाली येतात. जुन्या सोंगट्यांना वाळवीपासून आणि दमटपणापासून भय आहेच. पण सर्वांत मोठे भय या साफसफाईपासून आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वयाच्या दहाव्या वर्षी मी स्वतःच्या हाताने एक अख्खा संच मारला आहे.

१९६१ सालची ती दिवाळी. आमचे घर चौलला. वसुबारसेच्या आधी देवघरातली पितळी भांडी चिंच आणि राख लावून घासायचे काम माझ्याकडे आले होते. समया, निरांजने, तांब्या सगळे लखलखू लागले तसा मला उत्साह चढला, आणि आजीची सारीपाटाची थैली माझ्या हाती लागली. तीत कापडी पट होता. चार हातांचा, प्रत्येक हातात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चारी हात मिळून शहाण्णव घरे. सोळा सोंगट्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या, प्रत्येक रंगाच्या चार. अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत चौपडीचे वर्णन केले आहे, त्यातही सोळा सोंगट्या आणि तीन फासेच आहेत; बादशहाच्या आणि आजीच्या खेळात तेवढा फरक नव्हता. शिवाय पचिशी खेळायला सात कवड्या होत्या. सगळ्यांवर एक काळपट, तुकतुकीत थर बसलेला.

मी कवड्या चिंचेच्या कोळात टाकल्या. त्यांच्यावर बारीक बुडबुडे आले. मला वाटले, मळ सुटतो आहे. सोंगट्यांना धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात अंघोळ घातली. तासाभराने कवड्या बाहेर काढल्या तेव्हा त्या खडूसारख्या पांढऱ्या आणि खरखरीत झाल्या होत्या. सोंगट्यांचा रंग बोटांना चिकटत होता आणि पाणी गढूळ गुलाबी झाले होते. आजी मागे येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने एक कवडी उचलली, अंगठ्याने चोळून पाहिली आणि म्हणाली, "अरे, माझ्या सासूबाईंचा हात होता यांवर." एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली. त्या पाडव्याला आम्ही त्याच सोंगट्यांनी खेळलो; पण डाव रंगला नाही.

त्या दिवशी नेमके काय घडले हे समजायला मला पुढची कित्येक वर्षे लागली. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचे कवच. त्याचा मुख्य पदार्थ तोच, जो चुनखडीत असतो. आंबट काहीही लागले की तो विरघळतो. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर यांनी मळ निघत नाही, कवडीची वरची काचेसारखी कातडीच निघते, आणि ती पुन्हा कशानेही येत नाही. सोंगट्यांवरचा रंग हा रंग नव्हताच. ती रंगीत लाख होती. लाख पाण्याला सहज दाद देत नाही, पण सोड्यात, तीव्र साबणात आणि स्पिरिटात विरघळते, आणि उष्णतेने मऊ पडते. कढत पाणी आणि सोडा एकत्र करून मी लाखेच्या दोन वैऱ्यांना एकाच पातेल्यात बोलावले होते.

ही लाख म्हणजे काय हे नीट कळले की जुन्या सोंगट्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर एक लहानसा कीटक स्वतःभोवती राळेसारखे कवच करतो, तीच लाख. ती गाळून, रंग मिसळून तिच्या कांड्या करतात. कातारी लाकडाची सोंगटी फिरती ठेवतो आणि तिच्यावर कांडी दाबतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसते. मग सुक्या पानाने जिल्हई देतात. चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर यासाठी केवड्याच्या जातीचे पान वापरतात. म्हणजे लाख ही लाकडावर लावलेली नसते, लाकडात रुजविलेली असते. ती गेली की वरून ब्रशाने फासलेल्या कोणत्याही रोगणाने तिची जागा भरत नाही.

हेच काम एका डच माणसाने चारशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे. यान हाऊखेन फान लिन्स्कोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की लाकूड फिरत असताना त्याच्यावर लाखेचा तुकडा धरतात, तो उष्णतेने वितळून लाकडाला चिकटतो, आणि मग सुक्या गवताने घासून काचेसारखी चकाकी आणतात. खाटा, खुर्च्या, चौरंग असे सगळे सामान या देशात असे मढवितात, असेही तो म्हणतो.

त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी या किनाऱ्याकडे आला. त्याची कथा सोंगट्या-कवड्यांच्या इतिहासात मला फार मोलाची वाटते. १६०२ साली त्याचे जहाज मालदीवजवळ फुटले, आणि पुढची सुमारे पाच वर्षे त्याला त्या बेटांवर काढावी लागली. कवड्या मुळात तिथल्या. समुद्रातून त्या कशा गोळा करतात आणि जहाजेच्या जहाजे भरून बंगालकडे कशा जातात, हे त्याने लिहिले आहे. बंगालमध्ये आणि ओरिसात कवडी एकोणिसाव्या शतकापर्यंत नाणे म्हणून चालत होती. याच पिरारने चौलचेही वर्णन केले आहे. तिथले रेशीम तर त्याने वाखाणलेच, पण चिनी धर्तीच्या पेट्या, कपाटे आणि नाना रंगांच्या लाखेने मढविलेल्या खाटा व पालख्या चौलला होतात, हेही नमूद केले. कवडीचे माहेर आणि लाखेचे एक मोठे बंदर, दोन्ही एकाच माणसाच्या लिखाणात भेटतात.

चौलचा हा व्यापार पिरारच्याही फार आधीचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात सेमुल्ला म्हणून जे बंदर येते ते चौलच, असे अभ्यासक मानतात. आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मालाच्या यादीत त्या पुस्तकाने रंगीत लाखेचा उल्लेख केला आहे. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला, बंदर गाळाने भरले, व्यापार मुंबईला गेला. चौलचे लाखकाम करणारे हात कधी थांबले हे मला सांगता येणार नाही. आजीच्या सोंगट्या त्याच हातांच्या वंशजांच्या होत्या, असे म्हणायचा मोह होतो; पण पुरावा नाही, आणि पुरावा असता तर तो मीच सोड्यात विरघळवला असता.

आता त्या दुसऱ्या संचाकडे येतो. आत्याच्या लग्नात, १९५० साली, आजीने तिला एक सारीपाट दिला होता. आपला आणि तिचा संच एकाच कातार्‍याचा, असे आजी सांगत असे. आत्याचे सासर रेवदंड्याला, किल्ल्याच्या तटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाडीत. माझ्या हातून आमचा संच गेल्यावर आत्याचाच तेवढा राहिला. तिने तो मला कधी हात लावू दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पोफळी काडीसारख्या मोडल्या, घरांची कौले उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. त्यात करोनाची टाळेबंदी. अलिबागहून रेवदंडा फार लांब नाही, तरी मी पोहोचेपर्यंत दहा दिवस गेले. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. ओटीवर खुर्चीत बसली होती. घराच्या पश्चिम अंगाला आभाळ दिसत होते. तिने कौलांविषयी काही सांगितले नाही, पोफळींविषयी सांगितले नाही. मला म्हणाली, "माळ्यावरची पेटी भिजली रे. आता तूच बघ तिचे काय ते."

पेटी उघडली तेव्हा दर्प आला. पट बुरशीने करडा झाला होता. सोंगट्यांवर पांढुरकी लव उगवली होती. कवड्यांवर पिठासारखी भुकटी होती आणि तिला किंचित आंबूस वास होता. आत्याच्या नातवाने तत्परतेने सॅनिटायझरची बाटली पुढे केली. त्या दिवसांत जो तो प्रत्येक वस्तूला तेच चोळीत होता. मी त्याचा हात जवळजवळ पकडलाच. सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल. एका फवाऱ्यात एकोणीसशे एकसष्ट साल परत आले असते.

पहिले काम काहीही न करण्याचे असते, आणि तेच सर्वांत अवघड. भिजलेले लाकूड फुगते, लाख फुगत नाही. अशी सोंगटी उन्हात टाकली तर लाकूड झपाट्याने आकसते आणि लाख पापुद्र्यासारखी उडते. म्हणून माजघरात, सावलीत, जुन्या धुतलेल्या धोतरावर सगळ्या सोंगट्या एकमेकींना न लागतील अशा मांडल्या. खिडक्या उघड्या ठेवल्या. रोज सकाळी प्रत्येक सोंगटी जरा वळवायची. जून महिना, कोकणची हवा. वाळायला तीन आठवडे लागले. तेवढ्या वेळात मी वही केली. प्रत्येक सोंगटीचा फोटो, रंग, उंची, कुठे टवका गेला आहे, कुठे भेग आहे ते लिहिले. पुसण्याआधी लिहावे, कारण पुसल्यावर जे गेले ते काय होते, हे मग कोणाला विचारणार?

वाळलेली बुरशी चित्रकाराच्या मऊ ब्रशाने, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून झटकली. तोंडाला मास्क हवा. त्या वर्षी त्याची वाण नव्हती. हा सोपस्कार केवळ बुरशीसाठी नाही. जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि लालासाठी हिंगूळ मिसळीत असत. पहिल्यात सोमल असतो, दुसऱ्यात पारा. अशी सोंगटी कागदाने घासायची नाही, तिची पूड फुंकायची नाही, आणि काम झाले की हात धुवायचे.

ब्रशाने निघाले नाही तेवढ्यासाठी ओलावा. संग्रहालयांतले जाणकार एक जुना उपाय सांगतात, तो ऐकून हसू येईल: थुंकी. पोर्तुगालच्या तिघा संशोधकांनी १९९० मध्ये त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. थुंकीतली विकरे मळ सैल करतात आणि नाजूक पृष्ठभागाला सहसा इजा करीत नाहीत, असे त्यांनी दाखविले; २०१८ साली त्यांना त्याबद्दल गंमतीचे इग्नोबेल पारितोषिकही मिळाले. मी हे मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितले. ती म्हणाली, "पोर्तुगीज गेले ना इथून? मग? माझ्या सोंगट्या उष्ट्या करायच्या नाहीत." तिच्यापुढे शास्त्र चालले नाही. मी साधे शुद्ध पाणी घेतले. काडीला कापूस गुंडाळायचा, ओला करून पिळायचा, इतका की बोटाला फक्त गारवा लागावा. आधी बुडाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एकदाच फिरवायचा, लगेच कोरड्या कापसाने टिपायचे, आणि मग कापूस पाहायचा. करडा आला तर तो मळ. रंग आला तर थांबायचे.

चौथ्याच सोंगटीला कापसावर लाल आले. मी थांबलो. सोंगटी हिरवी होती; हिरव्या लाखेतून लाल कसे उतरेल? भिंग घेतले. सोंगटीच्या माथ्याला बोंड असते आणि बोंडाखाली एक खाच. त्या खाचेत लाल-पिवळी पूड थरांनी बसली होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. काळ्या, पिवळ्या, सगळ्यांच्या खाचांत तेच. मी आत्याला विचारले. ती म्हणाली, "हळदकुंकू ते. पाडव्याला खेळायच्या आधी पटाची पूजा करायची ना. आई करायची, म्हणून मी करते. सत्तर वर्षे झाली."

मला आमच्या घरचा पाडवा आठवला. आजी पट मांडून झाल्यावर उजव्या हाताची बोटे प्रत्येक सोंगटीच्या डोक्याला टेकवीत असे. मी ते रोजच्या पूजेसारखेच धरून चाललो होतो. पातेल्यातले ते गुलाबी पाणी नुसत्या लाखेचे नव्हते. हळद सोड्यात लाल होते, हे मला आता ठाऊक आहे. त्या पाण्यात आजीची आणि तिच्या सासूबाईंची किती वर्षे होती कोण जाणे.

त्या खाचा मी तशाच ठेवल्या. बाकीचा भाग पुसताना मग आणखी काही गोष्टी दिसू लागल्या. पिवळ्या चारी सोंगट्यांची लाख एका बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत, पार झिजून लाकूड उघडे पडले होते. लाल सोंगट्या मात्र जवळजवळ नव्यासारख्या. आत्या नेहमी पिवळ्या घेई, आणि लाल पाहुण्यांना देत. घरात पाहुणे किती आले आणि घरची माणसे किती खेळली, याचा जमाखर्च तिथे लिहिलेला होता. त्या झिजेवर नवी लाख भरून घ्यावी, असे मला एकदाही वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. सावंतवाडीला असे काम करणारे कारागीर आहेत. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्यांकडून गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभे केले, म्हणून ती कला आज दिसते. नवा संच हवा असेल तर तिथे जावे. जुन्यावर नवे चढवू नये.

गंजिफांचे नाव निघालेच आहे तर सांगून ठेवतो. कोणाच्या घरी दशावतारी गंजिफा असतील, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशे वीस पाने, तर त्यांना पाण्याचा हात मुळीच लावू नये. कापडाच्या चकतीवर चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देऊन ती पाने केलेली असतात. पाणी लागले की खळ सुटते आणि पान फुगते. कोरडा मऊ ब्रश, बस्स. साहेबी घरांतून आलेल्या पत्त्यांच्या डावाच्या जुन्या चकत्या काहींकडे असतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा चकत्या माती आणि शेलॅक यांच्या मिश्रणाने करीत. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली आपलीच लाख. तेव्हा स्पिरिट त्यांनाही वर्ज्य.

कवड्यांचा आंबूस वास हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या संग्रहालयांत लाकडी खणांत ठेवलेल्या शिंपल्यांवर अशी भुकटी येते. लॉफ्टस बायन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९९ मध्ये त्याची चर्चा केली, म्हणून त्याला बायनचा रोग म्हणतात. त्याला तो जंतूंचा प्रकार वाटला. पण तो रोगच नव्हे, हे १९८५ मध्ये टेनंट आणि बेअर्ड यांनी सिद्ध केले. लाकडातून सूक्ष्म प्रमाणात आम्लाची वाफ सुटते, बंद पेटीत ती साठते, हवा दमट असली की कवडीला खाते. मी चिंचेने तासाभरात जे केले ते पेटी सत्तर वर्षे हळूहळू करीत होती. कवड्या नुसत्या शुद्ध पाण्याने धुतल्या, पूर्ण वाळविल्या आणि सुती पिशवीत घालून काचेच्या बरणीत ठेवल्या. लाकडी पेटी त्यांना आता बंद.

फाशांची गोष्ट थोडी नाजूक. ते हस्तिदंती आहेत, हा आत्याच्या सासरचा अभिमान. भिंगाखाली हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते; हाडावर काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात, कारण त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. इथे ठिपके होते. मी आत्याला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बरे. देवघराजवळ बोलू नकोस हे." दोन्ही पदार्थ पाण्यात बुडवायचे नाहीत, ते पाणी पितात, मग तडकतात. पांढरे करण्याच्या फंदातही पडू नये. तो पिवळेपणा वयाचा आहे. आणि खरोखरच हस्तिदंत असेल तर ते विकण्याचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी त्या व्यापारावर बंदी आली आहे.

राहिली सोळावी सोंगटी. लाखेच्या सोंगट्या पंधराच निघाल्या. चौथी हिरवी म्हणजे एक सुपारी होती. अडकित्त्याने बूड सपाट केलेली आणि कसल्याशा हिरव्या रंगात बुडवलेली. रंग बहुतेक उडाला होता. माझ्या मनात आले, सावंतवाडीहून एक हिरवी सोंगटी करून आणावी, बाकी तिघींच्या मापाची. संच पुरा होईल. १९६४ मध्ये व्हेनिसला जगभरचे तज्ज्ञ जमले होते. त्यांच्या जाहीरनाम्याचा आशय असा की तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि प्रत्येक काळाने वस्तूत घातलेली खरी भर मान्य करावी. तो इमारतींसाठी लिहिलेला; पण मी आत्याला सुपारीबद्दल विचारले तेव्हा मला तो आठवला. "ती ह्यांनी केली," आत्या म्हणाली. "मूळची विहिरीत गेली. खेळ अडला होता म्हणून बसल्या बसल्या केली." पोफळी त्यांच्याच वाडीतली. वादळाने त्यांतल्या निम्म्याहून अधिक पाडल्या होत्या. सुपारीच्या डोक्यावरही हळदकुंकू होते.

मी वहीत लिहिले: सोंगट्या सोळा, पूर्ण.

पट मात्र वाचला नाही. रंग फुटलेला, कापड कुजलेले. जेवढा राहिला तेवढा झटकून, घडी न घालता, नळीवर गुंडाळून ठेवला. ऑक्टोबरपर्यंत कौले बसली. पाडव्याच्या सकाळी मी रेवदंड्याला गेलो, तर आत्या नव्या कापडाचा पट मांडून बसलेली. मी जरा चाचरतच म्हणालो, की या सोंगट्या आता खेळायला घेऊ नयेत, घासल्या जातील. हाताला अभ्यंगाचे तेल, चकलीचे तेल.

"मग पुसल्यास कशाला?" आत्या म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. संग्रहालयातली वस्तू आणि घरातली वस्तू यांचे नियम एक नसतात. आम्ही तह केला. वर्षातून एकच डाव, पाडव्याला. हात साबणाने धुऊन, कोरडे करून. पिवळ्या सोंगट्या आत्याच्या. ती डाव सहज जिंकली. मला त्या दिवशी एकदाही पौ बारा पडले नाहीत.

पण डावाच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. पट मांडून झाल्यावर आत्याने हळदकुंकवाची कोयरी जवळ ओढली आणि उजव्या हाताची बोटे एकेका सोंगटीच्या डोक्याला टेकविली, सुपारीच्याही. जाणकारांना हे मुळीच पसंत पडणार नाही. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर वही उघडली आणि सोळाही सोंगट्यांच्या नावापुढे त्या दिवसाची तारीख घालून ठेवली.